टेलिफोनचे यजमान

केसरीमल शेठ भर बाजारात तुरीच्या ढिगापाशी उभे होते. मागून येऊन दौलतआबांनी त्यांचा हात धरला आणि चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शेठ, काल माह्या घरी आल्ते, अन् चहा न घेता गेले. हे काही बरं केलं नाही तुमी."

शेठ आदल्या दिवशी आपल्या आडतीच्या गादीवरून हललेसुद्धा नव्हते. त्यांनी फक्त अकोल्याला एक टेलिफोन केला होता. पण वाशीमचा झाडून सगळा टेलिफोन दौलतआबांच्या घरात बसवलेल्या बोर्डावरून जायचा. ज्याचा आवाज आपल्या घरातून गेला तो माणूस आपल्या घरी येऊन गेला, असं आबांचं साधंसरळ मत होतं. या मतावर त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं माझ्या ऐकिवात नाही. शेठनीही घातला नाही. संध्याकाळी ते मुकाट्याने येऊन चहा पिऊन गेले.

मी त्या बोर्डावरचा ऑपरेटर. लढाईच्या काळात अकोल्याहून माझी वाशीमला नेमणूक झाली. खात्याने आबांची इमारत भाड्याने घेतली होती, आणि त्याच इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांत आबा एकटे राहत. मी ट्रंक घेऊन दाराशी आलो तेव्हा आबा पायरीवर उभे होते. उंचेपुरे, पिळदार मिशा, डोक्याला पांढरा फेटा. मी म्हणालो, मी नवा ऑपरेटर. ते म्हणाले, "ऑपरेटर असशीन. पन घर कोनाचं हाय?" मी म्हणालो, तुमचं. मग त्यांनी मला आत घेतलं आणि पाय धुवायला पाणी दिलं.

"घर कोनाचं हाय?" हे वाक्य मी पुढे रोज ऐकलं. लाइन दुरुस्त करायला आलेल्या माणसाने भिंतीत खिळा ठोकला की हे वाक्य. अकोल्याहून तपासणीला आलेल्या साहेबाने बोर्डाची जागा बदलायची गोष्ट काढली की हेच वाक्य. साहेब इंग्रजीत काहीतरी पुटपुटला, पण बोर्ड होता तिथेच राहिला.

ती इमारत माणसांसाठी बांधलेली नव्हती, हे पाहताक्षणी कळे. कापसाला सोन्याचा भाव आला होता तेव्हा आबांच्या वडिलांनी कापूस ठेवायला हे गोदाम बांधलं. त्याच तेजीत म्हाताऱ्याला दोन मुलगे झाले आणि त्यांची नावं त्याने दौलत आणि संपत अशी ठेवली. हातभर जाड दगडी भिंती, पार छपराला टेकलेल्या खिडक्या, रस्त्याच्या बाजूला पायऱ्या चढून जायचं दार. मागच्या अंगाला मात्र सागवानी दरवाजा होता तो असा, की कापसाने भरलेली बैलगाडी गाडीवानासकट थेट आत यावी. खात्याने बॅटऱ्यांची भली थोरली मांडणी नेमकी त्या दरवाजाला लावून ठेवली होती आणि धूळ येऊ नये म्हणून आतून फळ्या ठोकल्या होत्या.

इमारतीचा इतिहास कोणी विचारला की आबा फुलून येत. न विचारला तरी येत. तो इतिहास म्हणजे आलेल्या पाहुण्यांची हकिगत असे. "पह्यले कापूस आला. तो मोठा पाव्हणा, पन टिकला नाही. मंग सरकी आली. थे काही पाव्हणी नाही, घरचीच. मंग पटकीच्या साथीत शाळा आली, लेकरं आले. मंग नाटक कंपनी आली. थे पावसाळाभर जेवली अन् राजाचा मुकुट इसरून गेली." तो मुकुट माझ्या बोर्डाच्या वर खुंटीला टांगलेला असे. कंपनी परत आली तर सापडायला हवा, म्हणून आबा तो दसऱ्याला पुसून ठेवत. "अन् आता टेलिफोन आला. याच्यासारखा पाव्हणा पाह्यला नाही. खात नाही, पेत नाही, अन् रोज नवे लोक घेऊन येते."

पाहुण्यांची आबांना हौस होती, पण शिस्तही होती. जिनिंगचे मॅनेजर अकोल्याच्या कोणावर तरी टेलिफोनवरून शिव्यांचा भडिमार करत होते. लाइन इतकी कच्ची, की त्यांना ओरडावं लागे आणि त्यांचा आवाज माझ्या कानावरच्या डब्यातून बाहेर खोलीभर घुमे. आबा आतून आले आणि मला म्हणाले, "त्यांले सांग, घरात बाया-माणसं हायेत." घरात आबांखेरीज कोणी नव्हतं. आबांच्या पत्नी माझ्या येण्याआधी बऱ्याच वर्षांपूर्वी वारल्या होत्या आणि मूलबाळ नव्हतं. तरी मी मधे तोंड घालून मॅनेजरना तसं सांगितलं. पुढचं भांडण दोन्ही बाजूंनी अहो-जाहो करून पार पडलं.

डॉक्टरांना तर त्यांनी रस्त्यात अडवून विचारलं, की टेलिफोनवर बोलताना पायात जोडा असतो काय. डॉक्टर म्हणाले, असतो. आबा त्यांच्या जोड्यांकडे बघत राहिले. डॉक्टरांच्या कंपाउंडरने मला नंतर सांगितलं, की तेव्हापासून डॉक्टर टेलिफोनचं हॅन्डल फिरवण्याआधी जोडे काढतात आणि असं का करतो ते बायकोलाही सांगत नाहीत.

हसायला हे सगळं ठीक होतं. पण ट्रंक लाइनवरून कोणाच्या मरणाची बातमी आली, की आबा चूल पेटवत नसत. मेलेला माणूस पुसदचा असो की हिंगोलीचा, ओळखीचा असो की नसो. बातमी घरात आली म्हणजे दुःख घरात आलं. मी डबा खात असलो तर ते मला थांबवायचे नाहीत, पण माझ्याकडे पाठ करून बसायचे, आणि मी डबा झाकून ठेवायचो. उलट कोणाकडे मुलगा झाल्याची खबर आली की मला गुळाचा खडा मिळायचा. दसऱ्याला आबा फेटा बांधून टेलिफोन असलेल्या प्रत्येकाच्या दारी सोनं द्यायला जात आणि म्हणत, वर्षभर तुम्ही येता, आज मी आलो. तहसीलदारसाहेब खुर्चीवरून उठून उभे राहत. मला आबा फार आवडायचे, आणि मला वाटतं सगळ्या वाशीमलाच आवडायचे, फक्त कोणी तसं बोलून दाखवत नव्हतं.

आता त्यांची एक गोष्ट मला बरेच दिवस उलगडली नव्हती.

बाजाराच्या दिवशी आबा सकाळपासून वेगळे असत. धुतलेलं धोतर, ताजा फेटा, दाढी केलेली. दुपार झाली की ते बोर्डाशेजारच्या बाकावर येऊन बसत आणि स्वतःच्या हाताने केलेला चहा दोन कपांत ओतून आणत. साखर मिळत नसे, म्हणून गुळाचा. पहिल्या वेळी मी दुसरा कप माझाच समजून उचलला. आबांनी तो माझ्या हातातून काढून परत बाकावर ठेवला. "तो तुहा नाही," म्हणाले, आणि आत जाऊन माझ्यासाठी तिसरा घेऊन आले.

त्याच सुमाराला रिसोडची लाइन वाजे. बोर्डावरचं छोटं झाकण टपकन पडे, मी दोर लावून "बोला रिसोड" म्हणे, आणि एक घोगरा आवाज केसरीमल शेठ मागे. मी जोडून देई. आबा ताठ बसत आणि आपला चहा सावकाश पीत. बोलणं संपून झाकण पुन्हा पडलं की विचारत, "रिसोडवाला खोकून राह्यला होता काय?" मी सांगे, कोण जाणे, लाइन खराब आहे, खरखर फार येते. यावर आबा मान हलवत, दुसऱ्या कपातला निवालेला चहा स्वतःच पिऊन टाकत आणि कप धुवायला जात. मी एकदा कानाचा डबा त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, तुम्हीच ऐका की. आबा विंचू पाहिल्यासारखे मागे सरले. "पाव्हणा बोलत असला का कान देऊ नये," म्हणाले.

उलगडा केला केसरीमल शेठनी, आणि तोही तक्रार म्हणून. एक दिवस ते टेलिफोन ऑफिसात आले आणि म्हणाले, त्या रिसोडच्या माणसाला माझी लाइन देत जाऊ नका. दर बाजाराला तुरीचा भाव विचारतो. मी बाजारातलं काम सोडून भाव सांगतो. आजवर त्याच्याकडून एक पोतं आलेलं नाही. मी चौकशी केली तर त्याच्या शेतात तूर नाहीच, नुसती ज्वारी.

मी विचारलं, आहे कोण हा माणूस?

शेठ मागच्या खोलीकडे बघून आवाज खाली आणत म्हणाले, "तुमाले माहीत नाही? संपतराव. आबाचा सख्खा लहान भाऊ."

मग त्यांनी सगळी हकिगत सांगितली. पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून पहिली जोडी जायची ती या घराण्याची. वडील होते तोवर प्रश्न नव्हता. वडील गेल्यावर पहिल्याच पोळ्याला दोघे भाऊ आपापली जोडी सजवून तोरणाशी उभे राहिले. दौलतराव म्हणाले, मी थोरला, मान माझ्या जोडीचा. संपतराव म्हणाले, माझ्याकडची जोडी बाबांच्या हातची, मान तिचा. वाजंत्री थांबली, सगळा गाव बघत राहिला, आणि कोणी मागे हटेना. शेवटी संपतरावांनी बैलांच्या झुली तिथेच उतरवून फेकल्या, बैल फिरवले आणि ओरडून सांगितलं, की या घरात मी जन्मात पाय ठेवणार नाही. त्याच आठवड्यात ते रिसोडकडच्या शेतावर राहायला गेले. एकाच्याही केसांत तेव्हा पांढरं नव्हतं.

शेठ गेले तरी मी बोर्डापुढे नुसता बसून राहिलो. दर बाजाराला मी एका माणसाला त्याच्या घरी आणत होतो आणि मला पत्ताच नव्हता. संपतरावांना तुरीच्या भावाशी काही देणंघेणं नव्हतं. वाशीमला टेलिफोन केला की आवाज आपल्या घरातून जातो, एवढंच त्यांना हवं होतं. आणि इकडे आबा त्या आवाजासाठी फेटा बांधून, चहा ओतून बसत होते. संपतरावांचा शब्द मोडत नव्हता, आबांचा मान जात नव्हता. दुसऱ्या दिवशी शेठना मी हात जोडून सांगितलं, की भाव सांगत जा. शेठ म्हणाले, सांगतोच आहे, मी काय आज ओळखतो त्याला?

थोड्या दिवसांनी खात्याचा हुकूम आला. स्टेशनाजवळ टेलिफोनसाठी सरकारी इमारत तयार झाली होती. बोर्ड तिकडे हलवायचा होता.

आबा अकोल्याच्या साहेबापुढे जाऊन उभे राहिले. साहेबाला वाटलं, म्हातारा भाड्यासाठी आला. आबा म्हणाले, भाडं कोन मागून राह्यलं? मग त्यांनी आपला मुद्दा मांडला, की इतकी माणसं इतकी वर्षं या घरी येतात, त्यांना हेच घर ठाऊक आहे. ती नव्या जागी कशी पोचतील? वाट चुकतील. साहेबाने त्यांना समजावलं, की आवाज तारेतून येतो, त्याला पत्ता लागत नाही. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुमच्या घरी कोनी येते काय, साहेब?" पण हुकूम काही फिरला नाही.

घरी येऊन आबांनी भिंतीवरचा मुकुट काढून आतल्या खोलीत नेला. मला फार वाईट वाटत होतं, पण त्यांच्यापुढे ते दाखवायची सोय नव्हती.

जुन्या जागेतला शेवटचा बाजाराचा दिवस आला. आबा नेहमीसारखे बाकावर, दोन कप शेजारी. झाकण पडलं. मी दोर लावला. घोगरा आवाज म्हणाला, केसरीमल शेठ द्या.

ऑपरेटरने ग्राहकाशी कामापलीकडे बोलू नये असा नियम आहे, आणि मी तो पाळणारा माणूस. त्या दिवशी नाही पाळला. म्हणालो, "संपतराव, टेलिफोन स्टेशनाजवळ चालला. पुढच्या बाजारापासून तुमचा आवाज या घरात येणार नाही."

पलीकडे नुसती खरखर. माझ्या तोंडून भावाचं नाव ऐकून आबांचा कप ओठांपाशीच थांबला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

मग आवाज आला, "मंग त्या घरात कोन राह्यते?"

"आबा एकटे."

"अन् बॅटऱ्या-फिटऱ्या?"

"सगळं नेणार. गोदाम रिकामं होईल."

संपतराव म्हणाले, तुरीचा भाव राहू द्या, आणि झाकण पडलं.

आबांनी विचारलं, एवढ्यात झालं? मी म्हटलं, झालं. भाव? म्हटलं, विचारला नाही. आबा उठून आत गेले. दुसरा कप बाकावर तसाच राहिला. त्या दिवशी तो चहा कोणी प्यायलं नाही, आणि कप मीच धुतला.

नवी इमारत झकास होती. मोठ्या खिडक्या, गुळगुळीत फरशी, भिंतीला पिवळा रंग. तिच्यात कोणी "घर कोनाचं हाय" म्हणणारं नव्हतं, त्यामुळे मॅनेजरनी पहिल्याच दिवशी मनसोक्त शिव्या दिल्या. बाजाराचा दिवस उजाडला तसा मी रिसोडच्या झाकणाकडे डोळे लावून बसलो. दुपार झाली. झाकण पडलं नाही. केसरीमल शेठनी उलट मलाच विचारलं, की आज रिसोड नाही का आलं? त्यांचा आवाज चिंतेचा होता. मी मनात आलं तसं बोलून बसलो, आणि होती नव्हती तेवढी वाटही बंद केली, असं मनात येऊ लागलं. दिवस कलता बदली माणूस आला, तसा मी थेट आबांच्या घराकडे निघालो.

समोरचं दार लावलेलं होतं. पायऱ्यांवर धूळ, तिच्यावर पावलाचा ठसा नाही. मी वळसा घालून मागच्या अंगाला गेलो आणि तिथेच उभा राहिलो. तो मोठा सागवानी दरवाजा सताड उघडा होता. आतल्या फळ्या उखडून बाजूला टाकलेल्या होत्या. इतकी वर्षं आमच्या बॅटऱ्यांनी अडवून ठेवलेला तो दरवाजा, आणि आम्हा तिघांपैकी एकालाच त्याची आठवण राहिली होती, आणि तो होता रिसोडला.

गोदामाच्या मधोमध बैलगाडी उभी होती. बैल सोडून भिंतीशी बांधलेले, माझा बोर्ड असायचा बरोबर त्या जागी, आणि त्यांनी आपला कार्यक्रम तिथे यथास्थित उरकलेला होता. डॉक्टरांना टेलिफोनपाशी जोडे काढायला लावणारा माणूस त्याबद्दल अवाक्षर बोलत नव्हता. गाडीत एक उंचेपुरा म्हातारा मांडी घालून बसला होता, मिशा अगदी आबांच्या. तो खाली उतरायला तयार नव्हता, कारण या घरात पाय ठेवणार नाही असं तो बोलला होता. म्हणून आबाच गाडीत चढून त्याच्या शेजारी बसले होते. दोघांच्या हातात कप होते, आणि भांडण जोरात चाललं होतं.

भांडण दरवाजावरून होतं. आबांचं म्हणणं, गाडी आत घालताना चौकट घासली. संपतराव म्हणत होते, चौकटच वाकलेली आहे, इतकी वर्षं कोणी लक्ष दिलं नाही.

आबांचा आवाज चढला. "घर कोनाचं हाय?"

"अर्धं माहं," संपतराव म्हणाले.

या प्रश्नाला असं उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं. आबा कपात बघत बसले. तेवढ्यात माझं लक्ष बैलांकडे गेलं. पोळा होऊन कितीतरी महिने उलटले होते, तरी बैलांच्या कपाळावर ओलं, ताजं कुंकू होतं. खुरांवर पाणी घातलेलं होतं, आणि दरवाजाच्या चौकटीला आंब्याच्या डहाळ्या कशाबशा सुतळीने बांधल्या होत्या. संपतरावांची जोडी तोरणाखालून पहिली आत आली होती, आणि तोरण आबांनी स्वतः बांधलं होतं. मी परत फिरणार, तोच आबांनी मला पाहिलं.

"ये," म्हणाले. "संपत, हा टेलिफोनवाला. हाच तुले बाजाराच्या दिवशी घरी आनत होता."

संपतराव मला काहीतरी म्हणायला गेले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. चांगली जोराची, छातीतून उठलेली. आबांनी झटकन कप खाली ठेवला, भावाच्या पाठीवरून हात फिरवला आणि खोकला थांबेपर्यंत काढला नाही. मग माझ्याकडे पाहून विजयी आवाजात म्हणाले, "पाह्य, खोकूनच राह्यला हा. अन् तू मले सांगे का लाइन खराब हाय."